कोझुमी जळगावात नाही

...आणि वर ती बाई मला म्हणते, "मॅडम, तुमच्या भागात आमची उत्पादने उपलब्ध नाहीत." अगं बाई, उपलब्ध नाहीत तर माझ्या मांडीवर हे काय आहे, वरवंटा? कॅमेरा आहे, तुमचाच, कोझुमी कंपनीचा, वर नाव आहे, खाली नंबर आहे, तो नंबर मी तुला दोनदा वाचून दाखवला... तर म्हणे, "हो मॅडम, नंबर बरोबर आहे, पण हा कॅमेरा जळगावात नाही." घ्या आता. मी जळगावात, कॅमेरा माझ्या मांडीवर, आणि कॅमेरा जळगावात नाही. मग मी कुठे आहे ते तरी सांग ना माझे माय. तर म्हणे, "मॅडम, आपला पिनकोड सांगा." चार-दोन-पाच, शून्य-शून्य-एक. तुम्हाला सांगते, हे सहा आकडे मी त्या वर्षभरात इतक्यांदा म्हटले की स्वयंपाकघरातून आई माझ्याबरोबर म्हणायला लागली. पिनकोड सांगितला की मागे कीबोर्डची नुसती टकटक, आणि पुन्हा तेच, "क्षमस्व मॅडम, या पिनकोडला आमचं काहीच नाही. आपला दिवस शुभ असो." कसला डोंबलाचा शुभ असतो?

थांबा, आधी आम्ही कोण ते सांगते, नाहीतर म्हणाल, ही कोण आणि कोणावर तापली. मी शिल्पा. जळगावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा मैत्री फोटो स्टुडिओ. कॅमेरा धरतो तो माझा धाकटा भाऊ प्रशील, आणि आत कॉम्प्युटरवर बसून लग्नाचे अल्बम लावते ती मी. प्रशील कसा आहे म्हणाल, तर गर्दीत कोणी त्याच्या पायावर पाय दिला तर "माफ करा, माझा पाय मध्ये आला" म्हणणारा. म्हणून आमच्या स्टुडिओत भांडणाचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. तो फोटो काढतो, मी तोंड सोडते. दोन्ही कामं लागतात धंद्यात.

आता तुम्ही विचाराल, सगळा खान्देश दोन मोठ्या कंपन्यांचे कॅमेरे गळ्यात घालून फिरतो, याच्याच मानगुटीवर हे कोझुमीचं भूत कुठून बसलं? तर नाशकातून. तिथे फोटोग्राफर लोकांचं एक दिवसाचं शिबिर होतं, आणि आईला डोळे दाखवायचे होते म्हणून तो तिलाही घेऊन गेला. शिबिरात कोणीतरी त्याच्या हातात हा कॅमेरा दिला, बघा म्हणे चालवून. याने समोर कोणाचा काढावा फोटो? मांडवाच्या दारात आई बसली होती, डोळ्यांत औषध घातलेलं, डोक्यावर पदर, तिचाच काढला. घरी येऊन माझ्या कॉम्प्युटरवर उघडला. आईचा रंग आईचाच होता. सावळी ती सावळीच, पदर पांढरा तो पांढराच, कपाळावरची रेघ न् रेघ तिची. आईला बोलावलं. आमची आई द्रौपदाबाई, आयुष्यात तिने स्वतःचे फोटो पाहून "ही कोण बाई?" एवढंच विचारलेलं. तिने वाकून पाहिलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, "हाई ते मीच शे."

झालं. त्या चार शब्दांनी आमचा घात केला.

कारण आमच्या धंद्यातलं एक पाप तुम्हाला सांगते. पंधरा वर्षं मी बसून नवऱ्यामुली गोऱ्या करते आहे. उन्हातला मांडव, पांढरी साडी, सावळी मुलगी, असा फोटो आला की एकतर साडीचा नुसता पांढरा डाग होतो, आमच्या भाषेत साडी जळते, नाहीतर चेहरा काळाठिक्कर, मग मी बसते पुसत. पुसता पुसता मुलगी पिठातून काढल्यासारखी होते, आणि घरचे म्हणतात, वा ताई, काय फोटो. तिला पोरं झाली की पोरं विचारतात, मम्मी, ही कोण? या कॅमेऱ्याने ते पुसणंच संपणार होतं. माझं निम्मं काम जाणार होतं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. प्रशील म्हणाला, "अक्का, मी हाच घेणार." त्याचा जुना मोठ्या कंपनीचा कॅमेरा, त्याच्या भिंगांसकट, सगळं विकून टाकलं. म्हणजे मागे फिरायची वाटच बंद.

आणि मग आम्ही तो विकत घ्यायला निघालो. हसू नका. जळगावात रुपचंदशेठचं कॅमेऱ्याचं दुकान, वडिलांच्या वेळेपासूनचं येणंजाणं. म्हटलं शेठ, कोझुमी द्या. शेठ म्हणाले, "ताई, तो माल मी ठेवत नाही. गिऱ्हाईकच मागत नाही ना." अहो, मी मागतेय ना. "तुम्ही एक." मग एक द्या. "एकासाठी कंपनी माल देत नाही. दहा जणांनी मागितला तर देते." दहा जण कसे मागतील, कोणी पाहिलाच नाही तर? "म्हणून तर मी ठेवत नाही." मी म्हटलं, शेठ, हे काय आहे? तर शेठ शांतपणे म्हणाले, "धंदा." माल नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून माल नाही. कोंबडी नि अंड्याचं तरी बरं, तिथे दोघांपैकी एक तरी कोणीतरी पाहिलेलं असतं.

ऑनलाइन मागवू म्हटलं, तर पिनकोड टाकला की लाल अक्षरं. धुळ्याचा टाकला, लाल. अमळनेरचा टाकला, लाल. मी रागाने पहूरचासुद्धा टाकून पाहिला, म्हटलं खेड्यात तरी पाठवतात का मेले. शेवटी पुण्याच्या मावसभावाचा पत्ता घातला, कॅमेरा पुण्याला आला, तिथून प्रशील मांडीवर घेऊन आला. आणि हाच तो गुन्हा बरं का. कंपनीच्या वहीत तो कॅमेरा पुण्यात विकला गेला. पुण्यात एक वाढला. जळगावात शून्य होतं ते शून्यच. मग ती फोनवरची बाई चुकीचं नव्हती बोलत... कागदावर कॅमेरा पुण्यात कोणाच्या तरी गळ्यात होता.

बरं, कॅमेरा आला, पण त्याला बॅटरी लागते की नाही? त्याची बॅटरी दुसऱ्या कोणाची चालत नाही. बाकीच्यांचं बघा, आमच्या लाइनीत कसं असतं... ऐन सप्तपदीत एकाची बॅटरी संपली तर शेजारचा फोटोग्राफर खिशातून काढून देतो. कार्ड देतो, भिंग देतो, फ्लॅश देतो. भांडण असलं तरी देतो, नंतर पुन्हा भांडतो. सगळ्या जिल्ह्याचा एकच संसार. आणि त्यात आमचा प्रशील म्हणजे वेगळ्या पत्रावळीवर जेवायला बसलेला. ना कोणाचं घेता येतं, ना कोणाला देता येतं. त्याने फोटोग्राफरांच्या ग्रुपवर टाकलं, कोणाकडे कोझुमीची बॅटरी आहे का? तासाभरात साठ हसरी तोंडं आली. भूषण नावाच्या एकाने लिहिलं, "भो, हे औषध आहे का?" आणि त्या साठ तोंडांनंतर, वेगळा, एकट्या प्रशीलला एक मेसेज. धुळ्याहून. फैसल म्हणून मुलगा. "भाई, बॅटरी माझ्याकडे पण एकच आहे. पण मला वाटलं खान्देशात हा येडेपणा मी एकट्यानेच केला."

तुम्हाला सांगते, त्या दिवशी माझा भाऊ जितका हसला तितका त्याच्या स्वतःच्या लग्नात नव्हता हसला. फैसलने कॅमेरा सुरतेहून आणलेला. म्हणजे तो गुजरातमध्ये मोजला गेला. दोन माणसं, दोन कॅमेरे, एक पुण्याचा, एक गुजरातचा, आणि खान्देशाच्या नावापुढे भोपळा. मग यांचं सुरू झालं. फैसलचा चार्जर जळाला, नवा मिळेना, तर त्याची बॅटरी चार्ज व्हायला धुळ्याहून जळगावला येऊ लागली. बसने. नव्वद किलोमीटर. डब्याच्या पिशवीत घालून तो कंडक्टरकडे द्यायचा, मी स्टँडवर जाऊन घ्यायचे, चार तास चार्ज करायचे आणि परतीच्या बसने लावून द्यायचे. कंडक्टरने एकदा विचारलं, "ताई, डब्यात रोज काय जातं?" काय सांगू? माल नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून माल नाही, आणि मधल्या मधे एक बॅटरी पारोळा-एरंडोल करते आहे, हे सांगू?

इथवरही चाललं असतं. पण प्रशीलच्या कॅमेऱ्याचं शटर अडकायला लागलं. दहात एक फोटो अर्धा काळा यायचा. आणि लग्नात दहावा फोटो कोणता असेल हे कोणी सांगावं? हाराचा असेल, आईच्या रडण्याचा असेल. पुन्हा काढता येतो का? मी फोन लावला. पिनकोड. टकटक. या वेळी बाई नवी होती, ती जरा माणसासारखी बोलली. म्हणाली, "मॅडम, खान्देशात सेवा केंद्र द्यायचा कंपनीचा विचार आहे. प्रत्यक्ष मैदानात सर्वेक्षण होणार आहे. काम करणारे फोटोग्राफर आमचा कॅमेरा वापरताना दिसले, दोन जरी दिसले, तरी केंद्र मिळेल." दोन! म्हटलं, बाई गं, दोन तर आहेतच, मोजून दोन, कोणाला पाठवता ते पाठवा. कधी येणार माणूस? "ते सांगता येत नाही मॅडम, सर्वेक्षण गुप्त असतं." असेना. प्रशील एवढा खूश झाला की त्याने फैसलला फोन करून सांगितलं, आता फक्त गळ्यात घालून फिरायचं.

आणि इथे मी माती खाल्ली. मी. दुसऱ्या कोणी नाही. कंपनीला शिव्या देतेच आहे, पण ही शिवी माझी मला.

झालं असं, की बुद्धपौर्णिमेच्या आठवड्यात अमळनेरला सामूहिक मंगल परिणय होता. एकतीस जोडपी. मुख्य फोटोचं काम प्रशीलला मिळालं, त्याने जोडीला फैसलला घेतलं. एवढं मोठं काम आमच्या स्टुडिओला कधी मिळालं नव्हतं. समितीचे अध्यक्ष देवचंद आबा, निवृत्त हेडमास्तर, आमच्या वडिलांच्या बरोबरचे, शब्दाला कडक. चार दिवस आधी ते स्टुडिओत आले, टेबलावरचा कॅमेरा उचलला, चष्मा वर केला. "पोरी, हाऊ कोणता कॅमेरा शे?" म्हटलं आबा, कोझुमी. "हाई नाव ते मी कधी आयकं नही." चांगला आहे आबा, फोटो बघा. फोटोकडे कोण बघतो? आपल्याकडे आधी नाव बघतात. "एकतीस जोडपा शेतस. बठ्ठासना फोटो चांगला जोयजेत. आम्हले मोठी कंपनीना कॅमेरा जोयजे, नहीतर मी दुसरा माणूस दखस." झालं, मोठ्या कंपनीचा नसेल तर आबा दुसरा माणूस बघणार, काम हातचं चाललं. प्रशीलचं पाय मध्ये आला, माफ करा, असं तोंड. मी म्हटलं, आबा, काळजी करू नका, लग्नात मोठ्या कंपनीचाच असेल.

आणि आबा गेल्यावर मी कपाट उघडलं. जुना कॅमेरा विकला होता, पण त्याचा गळ्यात घालायचा पट्टा घरातच राहिला होता. हा रुंद, त्या मोठ्या कंपनीचं नाव लांबून वाचता येईल असा. तो मी कोझुमीला अडकवला. पुढच्या नावावर काळी टेप चिकटवली, नखाने घासून घासून. फैसलला फोन केला, तुझा जुना पट्टा आहे का? म्हणाला, "आहे ना ताई, पण का?" म्हटलं, विचारू नको, लाव आणि टेप मार. प्रशील मला म्हणाला, "अक्का, हे खोटं आहे." मी त्याला म्हटलं, खोटं तू नाही बोलत, पट्टा बोलतो. काय पण माझी अक्कल.

आता लग्नाचा दिवस. अमळनेरचं मैदान, मांडव, ऊन असं की जमिनीवर पाय ठरेना. एकतीस मुली पांढऱ्या साडीत, एकतीस मुलं पांढऱ्या सदऱ्यात, आणि प्रत्येक घराने आपापला फोटोग्राफर आणलेला, म्हणजे नवरदेवांपेक्षा कॅमेरे जास्त. भन्तेजींनी त्रिशरण पंचशील दिलं. सगळे उभे, हात जोडलेले. प्रशीलनेही कॅमेरा गळ्यात सोडून हात जोडले, मी त्याच्या बाजूलाच होते, त्याने सगळी शीलं स्पष्ट म्हटली. मुसावादा वेरमणी... मी खोटं बोलणार नाही. म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या छताकडे पाहिलं.

पाऊण तास झाला असेल. एक माणूस हातात पाटी आणि कागद घेऊन फिरत होता. शर्ट खोचलेला, पाठीवर पिशवी. मला वाटलं कॅटरिंगवाला आहे, ताटं मोजतो आहे. तो प्रशीलजवळ आला, "सर, एक मिनिट, बाजाराचं सर्वेक्षण चाललंय, कोणत्या कंपनीचा कॅमेरा वापरता?" कोणाकडून आलो ते नाही सांगितलं, गुप्त ना. आणि प्रशीलच्या खांद्याला खांदा लावून कोण उभं? देवचंद आबा. छातीवर अध्यक्षाचं फूल लावून. प्रशीलने पट्ट्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, लांबून माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या त्या भावाने, ज्याने जन्मात कंडक्टरला अर्ध्या तिकिटाचं वय खोटं नाही सांगितलं, त्याने त्या मोठ्या कंपनीचं नाव घेतलं. माणसाने खूण केली. मग फैसलला विचारलं. फैसल म्हणाला, "जो प्रशीलभाईंकडे, तोच माझ्याकडे." बघा, त्याने निदान खोटं तरी नाही सांगितलं. दुसरी खूण. मग त्या माणसाने आठ कंपन्यांची नावं वाचली, यातली कोणकोणती ऐकलीत? प्रशीलने तोंड उघडायच्या आत उत्तर आबांनी दिलं, "शेवटलं नाव सोडीसन बठ्ठा आयकेल शेतस." म्हणजे शेवटचं सोडून सगळी ऐकलेली. ते शेवटचं नाव कोणतं असेल सांगा.

जाताना त्या माणसाने दोघांचे हसरे फोटोही काढले. मोबाईलवर. कॅमेरा कंपनीचा माणूस, आणि फोटो मोबाईलवर.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, माझं रक्त उकळतं अजून. फोटो काय आले म्हणता. एकतीसच्या एकतीस मुली आपापल्या रंगात. त्या दिवशी दहावा फोटो अर्धा काळा आला तिथे फैसलचा होता, एकही क्षण सुटला नाही. पहूरची एक मुलगी होती, चांगली काळी, टपोऱ्या डोळ्यांची, तिला लहानपणापासून फोटोत मागे उभं करायचे. तिचा फोटो तर सगळ्या नातेवाइकांत फिरला. तिचा मला फोन आला, "ताई, तुम्ही मला गोरं नाही केलं ना?" म्हटलं नाही. "थँक्यू ताई," म्हणाली. पंधरा वर्षांत गोरं केल्याबद्दल एकीनेही असा फोन केला नव्हता.

पण लोक काय म्हणाले? लोक म्हणाले, बघा, त्या मोठ्या कंपनीचा कॅमेरा म्हणजे कॅमेराच. देवचंद आबांनी सभेत सांगितलं, म्हणून मी मोठ्या कंपनीचा हट्ट धरला होता. आणि अमळनेरच्या त्या फोटोंवरून आमच्या ग्रुपमधल्या पाच जणांनी, पाच, त्या भूषणसकट, जाऊन त्या मोठ्या कंपनीचे नवे कॅमेरे घेतले. रुपचंदशेठने मला पेढा दिला. मी खाल्ला. काय करणार, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि मग महिन्याभराने कंपनीचा ईमेल. खान्देश विभाग, अमळनेर येथे प्रत्यक्ष पाहणी, पाहिलेले फोटोग्राफर बेचाळीस, कोझुमी वापरणारे शून्य, नाव ऐकलेले शून्य, बाजारातला हिस्सा शून्य टक्के. सबब सेवा केंद्राचा विचार सोडून देण्यात येत आहे. आणि पुरावा म्हणून खाली फोटो. कोणाचा? आमच्या प्रशीलचा. गळ्यात पट्टा, तोंडभर हसू.

मी फोन लावला. अहो बाई, त्या बेचाळिसातले दोन तुमचेच होते. "मॅडम, फोटोत तर दुसऱ्या कंपनीचा दिसतोय." पट्टा दुसऱ्याचा आहे हो, कॅमेरा तुमचा आहे. "मग पट्टा दुसऱ्याचा का लावला मॅडम?" कारण तुमचं नाव इथे कोणी ऐकलं नाही. "तेच तर अहवालात आहे मॅडम." आता बोला. आयुष्यात पहिल्यांदा फोन मी आधी ठेवला. माल नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून माल नाही, आणि जे दोन होते ते मी माझ्या हाताने टेप लावून झाकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शटर तर आता पार बसलं. प्रशील स्वतः मुंबईला गेला कंपनीच्या काउंटरवर. तिथला माणूस म्हणाला, "सर, शटर बाहेरून येतं, विभागवार वाटून येतं. तुमच्या विभागाचा कोटा शून्य आहे." प्रशील म्हणाला, पुण्याच्या कोट्यातून द्या. "पुण्याचा कोटा पुण्याच्या ग्राहकांसाठी आहे." पण माझा कॅमेरा पुण्यातच विकला गेलाय ना? "हो सर, पण तुम्ही तो खान्देशात वापरता." मग मी खान्देशात आहे ना? "सर, खान्देशात आमचा कोणी ग्राहक नाही." तुम्हाला सांगते, मी असते तर त्या काउंटरची काच राहिली नसती. प्रशील काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, "बरं, तुम्हाला त्रास दिला." आणि गाडी पकडून परत आला. स्टुडिओत येऊन बसला. कॅमेरा टेबलावर. म्हणाला, "अक्का, पुन्हा मोठ्या कंपनीचा घेऊ या. तू परत पुसायला लाग." हे ऐकून आई आतून बाहेर आली, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेली. मला ते शिवीपेक्षा लागलं.

त्यातच फैसलचा फोन. सोनगीरला हळदीचं काम होतं, पोरांनी हळदीच्या पाण्याची बादली एकमेकांवर उडवायची ती याच्या कॅमेऱ्यावर उडवली. शटर ठीक, बाकी आतलं सगळं गेलं. म्हणजे एकाचं शटर मेलं आणि एकाचं शटर सोडून सगळं मेलं. मी म्हटलं, आणा दोन्ही. फैसलचे काका सरदारचाचा, धुळ्यात घड्याळं दुरुस्त करतात, डोळ्याला भिंग लावून आयुष्य गेलं. दोन्ही कॅमेरे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी उलटेसुलटे केले. "कोणत्या कंपनीचं आहे?" म्हटलं चाचा, ते नका विचारू. तीन दिवस बसले बिचारे, या पेटीतलं त्या पेटीत. तिसऱ्या दिवशी खट् खट् खट्, शटर चाललं. चाचा म्हणाले, "बेटी, दोन आजारी होते, एक बरा केला. दुसऱ्याचं मला माफ कर."

तर आता खान्देशात एकच कोझुमी उरला. म्हणजे आमचा बाजारातला हिस्सा पन्नास टक्क्यांनी घसरला, आणि कंपनीला पत्ताही नाही.

आणि एक कॅमेरा, दोन फोटोग्राफर, दोन जिल्हे. मग काय, वाटून घेतला. काही दिवस धुळ्याला, काही दिवस जळगावला, मधल्या पारोळ्याच्या स्टँडवर हातातून हातात. टेप काढून टाकली, पट्टा चुलीत घातला, आता कोणी विचारलं तर प्रशील छाती काढून कोझुमी सांगतो. सांगायला हरकत नाही, आता कोणी मोजायला येत नाही. मला वाटलं, लोक म्हणतील, तारीख आमची आणि कॅमेरा धुळ्याला, जा मग. पण त्या पहूरच्या मुलीचा फोटो पाहून मुलीच हट्ट धरून बसतात, हाच कॅमेरा पाहिजे.

परवा देवचंद आबा आले. नात संघमित्राचं लग्न ठरलं, आणि तिलाही हाच कॅमेरा हवा. म्हणाले, नऊ तारखेला. प्रशील म्हणाला, "आबा, नऊला नाही जमणार, नऊला कॅमेरा धुळ्याला आहे." आता हे आबा कोण? ज्यांनी आमच्या वडिलांबरोबर घरोघर फिरून लोकांच्या खुंटीवरची पंचांगं उतरवली ते. कसला मुहूर्त, कसली तिथी, माणसाला जमेल तो दिवस चांगला, असं सांगत हयात गेली दोघांची. मला वाटलं, आता उठून जातील. आबांनी खिशातून पेन काढलं, चष्मा वर केला आणि मला विचारलं, "मंग कोणती तारीख शे?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, बोट फिरवलं, म्हटलं, तेराला आहे आबा, पण दुपारी बारापर्यंतच, नंतर कॅमेरा पारोळ्याला जातो. आबांनी लिहून घेतलं. लग्न तेराला सकाळी ठेवलं, पत्रिकासुद्धा छापली. आणि एकटे आबा नाहीत, रोज फोन येतात मला, बौद्ध घरातून, मुसलमान घरातून, "ताई, या महिन्यात किती निघतात?" बापाने जन्मभर लोकांच्या घरातून पंचांग बाहेर काढलं आणि त्याची लेक स्टुडिओत बसून लोकांना तारखा काढून देते. काय बोलायचं आता... तुमच्या घरात कोणाचं असेल तर आत्ताच सांगून ठेवा. मे महिन्यात चारच तारखा उरल्यात, आणि त्यातल्या दोन धुळ्याच्या.